गेलेल्यांची आठवण आणि राहिलेल्यांची माया

देशोदेशीचे काव्य : आयर्लंड

माणूस घरातून गेला म्हणजे त्याची जागा रिकामी होते, परंतु ती नाहीशी होत नाही. ओटीवरची बसण्याची जागा, सांजवेळी देवापाशी दिवा लावण्याची रीत, जेवणाच्या वेळी सवयीने तोंडातून निघून जाणारी एका नावाची हाक, या सर्वांतून तो गेलेला माणूस पुढे कितीतरी वर्षे घरात वावरत असतो. काव्याचा हा फार जुना विषय होय. ज्ञानदेवांच्या विराण्यांत तो आहे. पहाटे जात्यावर बसलेल्या बायकांच्या ओव्यांत तो आहे. आणि १९४६ साली पतिवियोगाचे दुःख वाट्यास आल्यावर इंदिरा संत यांनी जी कविता लिहिली, तिचा तर तो प्राणच आहे.

परंतु वियोगाचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो शब्दांत धरणे अधिक कठीण. ज्यांना कधी पाहिलेच नाही, ज्यांचा आवाज कानी पडला नाही, ज्यांचे नावही नीट ठाऊक नाही, अशा माणसांची उणीव कशी सांगावी? जे आठवतच नाही त्याची आठवण कशी ठेवावी? गिरमिटाच्या मार्गाने परमुलखात आलेल्या कष्टकऱ्यांच्या वंशजांना हा प्रश्न केवळ काव्यशास्त्राचा वाटणार नाही. तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे. आणि योगायोग असा की, जगाच्या दुसऱ्या टोकास असलेल्या आयर्लंड नावाच्या एका लहानशा बेटावरच्या कवींनी गेल्या पन्नाससाठ वर्षांत याच प्रश्नाशी मोठ्या प्रामाणिकपणे झुंज घेतली आहे. त्यांचे उत्तर जाणून घेणे मॉरिशसच्या मराठी वाचकास उपकारक होईल.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप नीट पाहावयास हवे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईस येथे उतरले, आणि पुढील पाऊणशे वर्षांत त्याच वाटेने साडेचार लाखांहून अधिक माणसे आली. त्यांतील बहुतेकांच्या वाट्यास त्या वह्यांतील एकेक ओळ आली आहे. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव, जहाज, अंगावरची एखादी खूण. ज्या कारकुनाने ते लिहिले त्यास एवढेच हवे होते. परंतु जहाजावर ताप चढलेल्या पोराच्या डोक्यावर पाण्याची पट्टी कोणी ठेवली, आपल्या वाट्याचा भात दुसऱ्यास कोणी दिला, पहिल्या रात्री रडणाऱ्या बाईस कोणी जवळ घेतले, याला वहीत रकाना नाही. शासनाचे दप्तर माणसाची उंची मोजते, त्याची माया मोजत नाही. आणि वंशजांस जर काही जाणून घेण्याची खरी तहान असेल, तर ती याच गोष्टीची असते.

आयर्लंडची अवस्था काही अंशी अशीच आहे. १८४५ ते १८५२ या काळात त्या बेटावर बटाट्याचे पीक रोग पडून पुनःपुन्हा नासले. गरीब शेतकऱ्याचे सारे पोट त्या एका पिकावर चालत असे. दुष्काळाने व त्याच्या पाठोपाठ आलेल्या तापाने सुमारे दहा लाख माणसे मेली, आणि दहा लाखांहून अधिक माणसे जहाजांत बसून देशोधडीस लागली. १८४१ च्या शिरगणतीत तेथील लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. १८५१ मध्ये ती ६६ लाखांपर्यंत उतरली. आयरिश देशांतर म्हणजे गिरमिट नव्हे, हा भेद येथे स्पष्ट केला पाहिजे. त्या लोकांनी पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठवला नव्हता. तथापि, किनारा, जहाज, यादीतील नाव, आणि मागे राहिलेल्या माणसांना पुन्हा न दिसणारे तोंड, एवढे दोन्हीकडे सारखेच.

या दोन कथांना जोडणारा एक आयरिश माणूसही इतिहासात सापडतो. डब्लिनजवळ १८५१ साली जन्मलेले जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन यांनी सरकारी अधिकारी म्हणून १८८३ मध्ये बंगाल इलाख्यातील गिरमिटिया भरतीचा अहवाल लिहिला. त्याच ग्रिअर्सन यांनी बिहारातील लोकगीतेही गोळा करून छापली. एकाच हाताने वहीही भरली आणि गाणेही टिपले. अहवालात माणसे किती गेली हे कळते. गाण्यात ती गेल्यावर घरात काय झाले हे कळते. कवितेची गरज कोठे लागते, हे यावरून ध्यानी यावे.

आजच्या आयरिश कवितेत या रिकाम्या जागेचा शोध ज्यांनी सर्वांत निष्ठेने घेतला, त्या म्हणजे ईव्हान बोलंड. यांचा जन्म १९४४ साली डब्लिनमध्ये झाला व २०२० साली तेथेच त्यांचे देहावसान झाले. इतिहास आणि भूतकाळ या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हा त्यांच्या साऱ्या लेखनाचा गाभा. इतिहासात राजे, सेनानी व हुतात्मे यांना जागा मिळते. भूतकाळात चूल फुंकणारी, पोर थोपटणारी आणि नाव मागे न ठेवता मरणारी असंख्य माणसे असतात. १९९४ च्या त्यांच्या संग्रहातील एका कवितेत नकाशाच्या अपुरेपणाचा विचार आहे. दुष्काळात मदत म्हणून उपाशी माणसांकडून रस्ते बांधून घेण्यात आले. त्यांतले कित्येक रस्ते कोठेच जात नाहीत. माणसे जेथे कोसळली तेथे ते संपतात. त्या रस्त्यांच्या खुणा रानात अजून दिसतात, परंतु नकाशावर त्यांची रेघ नाही. कवयित्री त्या मेलेल्या माणसांची नावे कल्पनेने रचीत नाहीत. नकाशात जे नाही, ते नाही असेच त्या सांगतात, आणि त्या नसण्यालाच कवितेत जागा देतात. अज्ञातास खोटे नाव देण्यापेक्षा त्याचे अज्ञातपण मानाने सांगणे, हाही एक प्रकारचा श्राद्धविधीच नव्हे काय?

बोलंड यांची २००१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली ‘क्वारंटाइन’ ही कविता याहून एक पाऊल पुढे जाते. १८४७ चा हिवाळा आहे. एक नवरा आपल्या तापाने फणफणलेल्या बायकोला घेऊन अनाथालयासारख्या सरकारी आश्रयगृहातून घराकडे निघतो. तिला चालवेना, म्हणून तो तिला पाठीवर घेतो. सकाळी दोघेही थंडीने व भुकेने मेलेली आढळतात. तिचे पाय त्याने आपल्या उघड्या छातीशी धरलेले असतात. अंगात उरलेली शेवटची ऊब त्याने तिला देऊ केली होती. अशीच एक हकीकत फादर पेडर ओ लिअरी यांच्या १९१५ साली आयरिश भाषेत प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आहे. कॉर्क परगण्यातल्या मॅक्रूम गावाभोवती ती लोक सांगत असत. सरकारी कागदांत त्या जोडप्याची गणना केवळ दोन मृत म्हणून झाली असेल. लोकांच्या तोंडी मात्र त्यांची भूक राहिली नाही, ती ऊब राहिली. साठसत्तर वर्षे ती गावकऱ्यांनी सांभाळली, मग एका धर्मोपदेशकाने लिहिली, आणि शेवटी एका कवयित्रीच्या हाती आली. लोकस्मृती कशाची निवड करते, हे येथे स्पष्ट दिसते. यातना मोजण्यापलीकडच्या असतात; परंतु यातनेच्या मध्यभागी केलेली एक मायेची कृती माणसे विसरत नाहीत.

शेमस हीनी यांचा मार्ग निराळा. उत्तर आयर्लंडमधील डेरी परगण्यात एका शेतकरी कुटुंबात १९३९ साली ते जन्मले. १९९५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले व २०१३ मध्ये ते निवर्तले. त्यांना ज्यांची आठवण करावयाची होती, ती माणसे अज्ञात नव्हती, घरची होती. १९८४ मध्ये त्यांची आई गेली, आणि तिच्या स्मरणार्थ लिहिलेली आठ सुनीते १९८७ च्या ‘द हॉ लँटर्न’ या संग्रहात आली. त्यांतील तिसऱ्या सुनीतात रविवारची सकाळ आहे. घरची इतर मंडळी चर्चला गेली आहेत, आणि मायलेक दोघेच बटाटे सोलीत बसले आहेत. बोलणे जवळजवळ नाहीच. सोललेला बटाटा पाण्याच्या बादलीत पडतो त्याचा तेवढा आवाज. पुढे आईच्या मृत्युशय्येपाशी प्रार्थना चालू असताना मुलाला तीच सकाळ आठवते. आयुष्यात तितके जवळ आपण पुन्हा कधी आलो नाही, असे त्याला वाटते. २०१५ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय नभोवाणीने गेल्या शंभर वर्षांतील सर्वांत आवडती कविता कोणती, असा कौल घेतला, तेव्हा लोकांनी याच सुनीतास पसंती दिली. देशभक्तीची कविता नव्हे, युद्धाची नव्हे. आई आणि मुलगा यांच्यात बसलेली ती बटाट्यांची बादली!

ज्या बटाट्याच्या अभावी त्या देशात लाखो माणसे मेली, तोच बटाटा शंभर वर्षांनी मायेचे साधन होऊन या कवितेत येतो. हीनी यांनी तसा उच्चार केलेला नाही, परंतु आयरिश वाचकास तो सांगावाही लागत नाही. ऊस तोडून ज्यांच्या आज्यांच्या तळहातांस घट्टे पडले, आणि त्याच हातांनी गणपतीसमोर साखर वाटली, त्यांनाही तो सांगावा लागणार नाही.

त्याच मालिकेतील शेवटच्या सुनीतात एक झाड आहे, आणि त्या झाडाची हकीकत हीनी यांनी एका निबंधातही दिली आहे. कवीच्या जन्मवर्षी घरातील एका वडीलधाऱ्या बाईने चेस्टनटचे एक बी बरणीत रुजवले. रोप पुढे कुंपणाशी लावले गेले, आणि मुलाबरोबर ते झाडही वाढले. कुटुंब ते घर सोडून गेले. नव्या मालकांनी झाड तोडून टाकले. कितीतरी वर्षे कवीला त्याची आठवणही झाली नाही. मग एके काळी ती जागा मनात येऊ लागली. झाड नव्हे, झाड जेथे होते ती रिकामी, उजेडाची जागा. आई गेल्यानंतर घराचेही तसेच झाले. उणीव म्हणजे केवळ नसणे नव्हे. ती असण्याचीच एक रीत आहे, असा हा अनुभव आहे. परसातला तुळशीचा ओटा ज्यांनी मोडलेला पाहिला आहे, त्यांना त्याचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाही.

वार्धक्यात हीनी यांची दृष्टी आठवणीकडून माणुसकीकडे अधिक वळली. २००६ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, आणि मित्रांनी त्यांना उचलून जिन्यावरून खाली नेले. त्यांच्या २०१० च्या ‘ह्यूमन चेन’ या शेवटच्या संग्रहात त्या अनुभवातून उपजलेली एक कविता आहे. बायबलात अशी कथा आहे की, एका पांगळ्या माणसाला येशूपर्यंत नेता येईना, म्हणून त्याच्या सोबत्यांनी छप्पर उघडून त्याची खाट वरून खाली सोडली. तो पांगळा उठून चालू लागला, एवढाच चमत्कार लोक सांगतात. हीनी म्हणतात, त्याला उचलून आणणाऱ्यांकडे पाहा. त्यांचे भरून आलेले खांदे, दोरीने भाजलेले हात, यांची आठवण ठेवा. संग्रहास ज्या कवितेचे नाव आहे, तीत संकटग्रस्तांसाठी आलेल्या धान्याच्या गोण्या हातोहात पुढे देणारी माणसांची रांग आहे. जगाच्या कहाणीत चमत्कार करणाऱ्यांची नावे राहतात; ओझे वाहणाऱ्यांची राहत नाहीत. त्या ओझे वाहणाऱ्यांचा कैवार घेणे, हे हीनी यांच्या अखेरच्या कवितेचे व्रत होते.

येथवर ऐकून एखादा तरुण विचारील की, जुन्या दुःखाची ही उजळणी हवी कशाला? त्याने द्वेषच वाढणार नाही काय? शंका रास्त आहे, आणि आयर्लंडइतकी तिची किंमत फार थोड्या देशांनी मोजली असेल. उत्तर आयर्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ पर्यंत जो रक्तपात चालला, त्यात सुमारे साडेतीन हजार माणसे मेली. दोन्ही बाजूंना आपापले हुतात्मे तोंडपाठ होते. स्मरणच तेथे शस्त्र झाले होते.

बेलफास्टचे कवी मायकेल लाँगली यांनी (जन्म १९३९, मृत्यू २०२५) त्या काळात स्मरणाचा दुसरा उपयोग दाखवला. बेलफास्टच्या लिस्बर्न रोडवर आइस्क्रीम विकणाऱ्या एका माणसाचा दुकानातच खून झाला. कवीची धाकटी मुलगी त्या दुकानात जात असे. तिने तेथे फुले नेऊन ठेवली. लाँगली यांची त्या प्रसंगावरची कविता अवघ्या काही ओळींची आहे. तीत शाप नाही, मारेकऱ्याचे नाव नाही, पक्षाचे नाव नाही. आधी दुकानातल्या आइस्क्रीमच्या चवींची नावे येतात. मग आयर्लंडच्या पश्चिमेस बरेन या खडकाळ प्रदेशात एका दिवसात पाहिलेल्या रानफुलांची नावे, एकामागून एक, एकवीस. जपमाळ ओढावी तशी ती यादी आहे. कविता प्रसिद्ध झाल्यावर त्या मृत माणसाच्या आईने कवीला पत्र लिहून आभार मानले. त्या दुकानात चवीही एकवीसच होत्या, हे कवीला तिच्या पत्रावरून कळले. पुत्रशोकात बुडालेल्या आईला दिलासा देता येईल असे शब्द भाषेत फार थोडे आहेत. परंतु फुलांची नुसती नावेही ते काम करू शकतात. सहस्रनाम म्हणणाऱ्या समाजास नामोच्चाराचे हे सामर्थ्य नवे वाटू नये.

याच लाँगली यांची ‘सीजफायर’ ही कविता ३ सप्टेंबर १९९४ रोजी ‘आयरिश टाइम्स’ या दैनिकात आली. तीनच दिवसांपूर्वी, ३१ ऑगस्ट रोजी, आयरिश रिपब्लिकन आर्मीने शस्त्रसंधी जाहीर केली होती. कवितेतली गोष्ट मात्र तीन हजार वर्षांपूर्वीची. ट्रॉयचा वृद्ध राजा प्रायम आपल्या मुलाचे प्रेत मागण्यासाठी शत्रूच्या छावणीत जातो, आणि ज्या अकिलीसने मुलास मारले त्याच्याच पुढे गुडघे टेकून त्याचा हात चुंबितो. अकिलीसला स्वतःचा दूर राहिलेला बाप आठवतो, आणि दोघेही रडतात. लाँगली यांनी या कथेचा क्रम थोडा बदलून गुडघे टेकण्याचा प्रसंग अगदी शेवटी आणला. त्या बापाने मुलास विसरावे असे कविता म्हणत नाही. मुलाच्या आठवणीनेच तर तो तेथवर आलेला आहे. होमरच्या महाकाव्यात ती संधी थोड्या दिवसांची असते व पुढे युद्ध पुन्हा जुंपणार असते, हेही विसरून चालणार नाही. माया हा तहनामा नव्हे. परंतु आपल्या दुःखातून दुसऱ्याचे दुःख ओळखता येणे, येथून सर्व तहांचा आरंभ होतो.

आता भाषेचा विचार. आयर्लंडची मूळ आयरिश भाषा दुष्काळाने व देशांतराने खिळखिळी झाली. जी गावे सर्वांत गरीब, तेथेच ती बोलली जात होती. ती माणसे मेली वा परागंदा झाली, तशी भाषाही मागे हटली. १९३७ च्या राज्यघटनेत तिला प्रथम राजभाषेचा मान आहे, तरी बहुसंख्य घरांत इंग्रजी चालते. नूला नी गोनिल या १९५२ साली जन्मलेल्या कवयित्रीने आयरिशमध्येच लिहिण्याचा निश्चय केला. तिची एक लहानशी कविता या भाषाप्रश्नावर आहे. आपली आशा ती भाषेच्या नावेत ठेवते. जशी मोझेसची टोपली त्याच्या आईने लव्हाळ्यांत सोडली, आणि फेरोच्या मुलीने ती उचलली. बाळ कोणाच्या ओटीत जाईल हे आईला ठाऊक नाही. तरी ती टोपलीला बुडाशी डांबर लावून घेते, की पाणी आत शिरू नये.

मराठी वाचकास येथे कर्णाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. कुंतीनेही मूल पेटीत घालून, पेटी मेणाने बंद करून अश्वनदीत सोडले. अधिरथ सूताच्या घरी राधेने ते पदराखाली घेतले. आणि त्या वीराचे एक नाव जगात काय राहिले? राधेय! जिने जन्म दिला तिच्या नावापेक्षा जिने माया दिली तिचे नाव त्याने अभिमानाने मिरवले. मॉरिशसमध्ये मराठी भाषेची पेटीही अशीच वाहत आली. घरात क्रिओल, शाळेत इंग्रजी व फ्रेंच, आणि तरीही आरती मराठीत, झाकरीची गाणी मराठीत. ज्या गुरुजींनी दिवसाचे काम आटोपल्यावर संध्याकाळी बैठकांत मुलांना बाराखडी शिकवली, ती या भाषेची राधाच होय.

डिरेन नी ग्रीफा ही १९८१ साली जन्मलेली कवयित्री त्याच्या पुढच्या पिढीची. तिच्या २०२० मधील गद्यग्रंथाचा विषय आहे आयलीन डव नी खोनिल ही अठराव्या शतकातील स्त्री. १७७३ मध्ये तिच्या नवऱ्याला, आर्ट ओ लिअरीला, गोळी घालून मारण्यात आले, तेव्हा तिने केलेला विलाप आयरिश वाङ्मयात अमर झाला. तो तिने कागदावर लिहिला नव्हता. प्रेतापाशी शोक गाणाऱ्या बायकांनी तो मुखोद्गत ठेवला, आणि पुढे त्यांच्याच तोंडून तो उतरवून घेण्यात आला. नी ग्रीफा ही पोरे सांभाळता सांभाळता, घरकाम करता करता त्या स्त्रीच्या आयुष्याच्या खुणा शोधते, आणि कागदपत्रांत तिला पुरुषांचीच नावे अधिक भेटतात. आयलीन कोठे पुरली आहे याचाही पत्ता लागत नाही. मग कागद जेथे मुके होतात, तेथे कवयित्री आपली सेवा ठेवते. हरवलेल्या बाईसाठी दिलेला वेळ, हीच तिला वाहिलेली फुले. ज्या आजीची ओवी घरात टिकली परंतु जिचे माहेरचे नाव कोणास सांगता येत नाही, तिच्या नातींनी हा ग्रंथ वाचण्याजोगा आहे.

शेवटी एक हकीकत, जी घडून गेली आणि मग कवितेत आली. २३ मार्च १८४७ रोजी अमेरिकेत, आजच्या ओक्लाहोमा राज्यातील स्कलीव्हिल येथे, चॉक्टॉ या आदिवासी जमातीचे लोक जमले. त्यांना स्वतःला सोळा वर्षांपूर्वीच वडिलोपार्जित भूमीतून हाकलून शेकडो मैल पायी नेण्यात आले होते, आणि वाटेत त्यांचे हजारो लोक दगावले होते. आयर्लंडमध्ये माणसे उपाशी मरत आहेत, हे ऐकून त्या निर्धन लोकांनी १७० डॉलर गोळा करून पाठवले. ज्यांना त्यांनी कधी पाहिले नव्हते, पाहण्याचा संभव नव्हता, अशांसाठी! मिडल्टन या कॉर्क परगण्यातील गावी २०१७ मध्ये त्या देणगीचे स्मारक लोकार्पण झाले. अलेक्स पेंटेक यांनी घडवलेली गरुडाची नऊ पोलादी पिसे वर्तुळात उभी आहेत, आणि त्यांचा आकार रिकाम्या वाडग्यासारखा होतो. त्याच वर्षी नी ग्रीफा आणि चॉक्टॉ कवयित्री लिॲन हाउ या दोघींनी मिळून त्या देणगीवर एक गेय संहिता प्रसिद्ध केली. घेणाऱ्यांची लेक आणि देणाऱ्यांची लेक एकाच पानावर आल्या. आणि २०२० मध्ये महामारीने अमेरिकेतील नाव्हाहो व होपी या जमाती गांजल्या, तेव्हा असंख्य आयरिश लोकांनी चॉक्टॉंच्या देणगीचा उल्लेख करून त्यांना पैसे पाठवले. देणारे चॉक्टॉ, फेड झाली ती दुसऱ्याच जमातींकडे. मायेचे ऋण सावकाराच्या कर्जासारखे ज्याचे त्यालाच परत करावयाचे नसते; ज्याला गरज त्याला ते द्यावे, म्हणजे फिटते.

आयरिश कवींचे सांगणे यावरून एका वाक्यात सांगता येईल. जे हरवले ते कल्पनेने भरून काढू नये. त्याची जागा रिकामी ठेवावी, आणि त्या जागेपाशी उभे राहून जिवंत माणसांशी मायेने वागावे. बोलंड यांनी रिकाम्या जागेस मान दिला, हीनी यांनी तीत आईचा हात पाहिला, लाँगली यांनी तीत फुले ठेवली, नी गोनिल हिने भाषेची टोपली सोडली, नी ग्रीफा हिने कष्ट वाहिले. वाटा वेगळ्या, मुक्काम एक. स्मृतीस दयेची जोड नसेल तर ती वैर होते. दयेस स्मृतीची जोड नसेल तर ती क्षणात विरून जाते.

मॉरिशसच्या मराठी कुटुंबांस यातून करण्याजोगे एक काम आहे, आणि ते लहान आहे. नोंदवहीतील क्रमांक, गाव व जहाज ही माहिती पुष्कळांनी मिळवली आहे. अद्याप न मिळवलेल्यांनी ती मिळवावी. परंतु त्याच कागदाच्या पाठीवर घरातील वृद्धांना विचारून आणखी काही ओळी लिहून ठेवाव्यात. आजोबा आजारी असताना शेजारच्या कोणत्या घराने पेज पाठवली? आजीला मूल झाले तेव्हा रात्री कोण धावून आले. ती तेलगू होती, तमिळ होती, भोजपुरी होती, मुसलमान होती, की क्रिओल होती? जहाजात ज्याला भाऊ मानले, त्या जहाजी भावाचे नाव काय? ज्यांना हे सांगता येईल अशी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. दप्तरखाना त्यांच्या मागे ही माहिती सांभाळणार नाही, कारण ती तेथे कधी पोचलीच नव्हती.

दर वर्षी २ नोव्हेंबरला आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्यांपाशी फुले वाहिली जातात. त्या पायऱ्या चढून आलेल्या बहुतेकांचे चेहरे आज कोणासही ठाऊक नाहीत. त्यांच्या नावाने कोणा अनोळखी, गरजू माणसाच्या हाती त्या दिवशी पोटभर अन्न पडले, तर त्या न पाहिलेल्या पूर्वजांची आठवण यथार्थ झाली, असे समजावयास हरकत नाही.